उलट्या पायांचा बँड

सोलापूर

सोलापूरला गेलेला माणूस येताना चादर आणतो. मी तिथे एक बँड बंद पाडायला गेले होते, त्यामुळे चादर राहून गेली आणि चिपळूणच्या घरी अजून त्यावरून बोलणी खाते आहे.

बँड बंद पाडायचा म्हणजे काय, ते आधी सांगते. आमचं तरुणांचं मंडळ बुवाबाजी आणि भुताखेतांच्या विरुद्ध काम करतं. सभा घ्यायच्या, प्रयोग दाखवायचे, पत्रकं वाटायची. पत्रकं लिहिण्याचं काम माझ्याकडे. सोलापूरकडून आलेल्या एका कार्यकर्त्याने बैठकीत सांगितलं की तिकडे ‘कवटी बँड’ नावाचा एक बँड जत्रांमधून हिंडतो. वाजवणारे भुताच्या वेशात येतात, त्यांच्यात उलट्या पायांची एक हडळ असते, आणि बायका त्या हडळीपुढे चक्क नारळ ठेवतात. ऐकून माझं डोकं तापलं. मी त्याच बैठकीत पत्रक लिहिलं, ‘भुतांचा धंदा बंद करा’, आणि गठ्ठा पिशवीत घालून निघाले.

आमच्या कोकणात पहाटे जाग येते ती पन्हळीच्या नाहीतर ओढ्याच्या आवाजाने. सोलापुरात मागांच्या आवाजाने येते. पूर्वभागातल्या गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंच्या घरांतून खटक-खटक चाललेली असते, ओट्यावर रंगवलेलं सूत वाळत असतं, आणि बायका तेलुगूत भांडता भांडता तुम्हाला मराठीत पत्ता सांगतात. ऊन असं की हिवाळ्यातसुद्धा भिंतीला टेकवत नाही. दुष्काळ सरून दोन हिवाळे झाले होते, तरी नळावर घागरींची रांग होतीच.

बँडचे मास्तर दगडू अशाच एका ओट्यावर क्लॅरिओनेट पुसत बसले होते. उंच, वाळलेला माणूस. गाल मात्र फुगवून फुगवून सैल पडलेले. मी नमस्कार न करता पत्रक हातात दिलं. त्यांनी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, नीट घडी घातली आणि म्हणाले, “चांगलं लिवलंय बाई. पर ‘भयानक’ हा शब्द कुटंच न्हाय. त्यो घाला की. गर्दी वाढंल.”

“मी गर्दी वाढवायला आलेली नाही, मास्तर. तुमचा खेळ थांबवायला आलेय.”

“व्हय, त्ये कळलं. जेवलाव का?”

इथल्या माणसाशी भांडायचं तर आधी जेवावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी आणि मग चौकशी. इथे आधी भाकरी. तीही कडक, पापडासारखी मोडणारी, वर शेंगांची चटणी आणि दह्याचा गोळा. भाकरी मोडताना एवढा आवाज होतो की रागाने बोललेलं निम्मं ऐकूच जात नाही.

तेवढ्यात बँडचे बाकीचे दोघे आले. यल्लप्पा दिवसा मागावर बसतो आणि बँडात बेंजो वाजवतो, तो टाइपरायटरसारखी बटणं असलेला. हुसेनभाई पिंजाऱ्याच्या घरातले. त्यांचं वाद्य पाहून मी पत्रक विसरले, हे खरं आहे. कापूस पिंजायची धनुकली असते ना, तिची जाड तात, म्हणजे आतड्याची दोरी, त्यांनी एका उभ्या दांड्यावर ताणली आहे आणि दांडा चहाच्या मोठ्या लाकडी खोक्यात ठोकला आहे. तात ओढून सोडली की खोकं पोटातून घुमतं, आणि सुटलेली तात दांड्यावर फट्कन आपटते. घुम आणि फट्, घुम आणि फट्. ऐकताना पाय आपोआप हलतात. माझेही हलले.

बँडचा इतिहास मास्तरांनी सांगितला आणि बाकीच्या दोघांनी मध्ये मध्ये दुरुस्त केला. दगडू आधी लग्नाच्या बँडात होते. सीझन नसला की रेल्वेवाल्यांच्या क्लबात खुर्च्या मांडायचं काम करायचे. तिथे इंजिन ड्रायव्हर गोरे-सावळे साहेब शनिवारी मडमांबरोबर नाचत. त्यांच्याकडे ग्रामोफोनच्या काही तबकड्या होत्या, त्यातलं एक गाणं मास्तरांच्या कानात बसलं.

“घोडं उधळल्यावानी,” मास्तर म्हणाले. “गाणारा मधीच उचकी लागल्यागत वरडायचा. लई ग्वाड.”

साहेब लोक एकेक करून देश सोडून गेले, तबकड्याही त्यांच्याबरोबर गेल्या. गाणं मास्तरांच्या क्लॅरिओनेटमध्ये राहिलं. त्यांनी ते हुसेनभाईंच्या तातेवर बसवलं, यल्लप्पाने त्यात बेंजो घातला, आणि एका लग्नाच्या वरातीत तिघांनी ते वाजवून टाकलं.

“क्या बताऊं बाई,” हुसेनभाई म्हणाले. “नवरदेव का घोडा सच्ची में उधळ्या. नवरदेव इमलीके झाड में.”

“चिंच नव्हती, बाभळ होती,” यल्लप्पा म्हणाला. “म्हणून तर लोक एवढे चिडले.”

नवरीच्या चुलत्याने मांडवातून हाकलून दिलं. म्हणाला, हा बँड नव्हे, ही भुतं आहेत, शुभकार्याला चालायची नाहीत. ते सोलापूरभर झालं आणि लग्नाच्या सुपाऱ्या तुटल्या. त्या वर्षी तिघेही घरी बसले. मग एका जत्रेच्या आधी मास्तर म्हणाले, भुतं म्हणतात ना, मग नीट भुतं होऊ. चेहऱ्यावर खडू आणि काजळीने कवटी रंगवली. हुसेनभाई खवीस झाले, यल्लप्पा मुंजा झाला, आणि मास्तर स्वतः लुगडं नेसून हडळ. खोक्यामागून उठायचं, प्रेताच्या तिरडीवरून उडी मारून वाजवायला लागायचं, तातेच्या प्रत्येक फट्‌ला मुंजाने मान टाकायची. लोक घाबरायला आले आणि पोट धरून हसत गेले. पुढच्या जत्रेला दुसऱ्या गावचं बोलावणं आलं.

“आणि नारळ?” मी विचारलं. “बायका नारळ ठेवतात त्याचं काय?”

“ठिवत्यात. आमी खोबरं खातो.”

मी स्पष्ट सांगितलं: खेळ करायचा तर करा, पण खेळ संपला की पाय उलटे कसे दिसतात ते लोकांना दाखवा. ते दाखवलं तर मी पत्रकाचा गठ्ठा इथल्या इथे बंबात घालीन.

आत्तापर्यंत हसणारे मास्तर गंभीर झाले. “पाय सोडून काय बी मागा. नाटकातली राणी पडद्यामागं बिडी वढत बसती. त्ये बगायला जाता व्हय तुमी? पाय दावले की खेळ सपला. खवीस काय, मुंजा काय, कुणी बी करंल. लोक येत्यात पायासाठी.”

“लोक भितात त्या पायांना.”

“भित्यात आन् हसत्यात. दोनी.”

यावर तिथेच रात्र झाली असती. पण यल्लप्पा मध्येच म्हणाला, “अक्का, तुम्ही बोरखडीला चला. तिथं तुमचं काम आहे. आमच्यापेक्षा जास्त.”

मास्तरांनी त्याला डोळ्यांनी गप्प करायला पाहिलं, पण तो सांगून मोकळा झाला. मंगळवेढ्याच्या अलीकडे बोरखडी गाव आहे. मास्तरांची थोरली बहीण सोजरबाई तिथे दिलेली, नवरा वारलेला, मूल नाही, रानात एकटीचं घर. दिवाळीत सरपंचांची कडब्याची गंज जळाली आणि गावाने सोजरबाईचं नाव घेतलं. भानामती करते म्हणाले. येत्या पौर्णिमेला गावची जत्रा; जत्रेत हाच बँड वाजणार; आणि दुसऱ्या दिवशी चावडीत बैठक, तिला शिवेबाहेर काढायची.

“आणि तुम्ही तिथे भुतं होऊन वाजवणार?” मी मास्तरांना विचारलं.

“वाजवणार. हसलेला मानूस कुणाला भाईर काडत न्हाय.”

मला हे तेव्हाही पटलं नव्हतं.

बोरखडीच्या वाटेवर

मंगळवेढ्याची एस.टी. मिळायला काही त्रास झाला नाही, त्रास टपावर झाला. हुसेनभाईंच्या खोक्यावर मोठी कवटी रंगवलेली. कंडक्टर म्हणाला, मुडदा न्यायची परवानगी नाही. हुसेनभाई म्हणाले, खोलके देखो. कंडक्टर उघडायला तयार नाही. शेवटी खोकं चादरीत गुंडाळून वर चढवलं, तर वाटेत उतरणारा प्रत्येक म्हातारा त्याला नमस्कार करून उतरला.

मंगळवेढ्याच्या अलीकडे लागते तशी जमीन मी आयुष्यात पाहिली नव्हती. आमच्याकडे डोळ्याला शंभर पावलांवर डोंगर नाहीतर माड आडवा येतो. इथे काळी जमीन सपाट जाते ती थेट आभाळापर्यंत, आणि तिच्यावर पुरुषभर उंचीची ज्वारी. पाणी नाही, पाट नाही. नुसत्या थंडीवर आणि जमिनीतल्या ओलीवर पीक उभं. मी यल्लप्पाला म्हटलं, आमची भुतं वडा-पिंपळावर राहतात, इथे झाडंच नाहीत तर भुतं राहतात कुठं? तो म्हणाला, “विहिरीत. पण दुष्काळात विहिरी आटल्या, तेव्हापासून माणसांत राहतात.”

बोरखडी

सोजरबाई बांधावर आमची वाट पाहत उभ्या होत्या. ठेंगण्या, कपाळावर गोंदण, आवाज थेट रानाच्या दुसऱ्या टोकाला जाणारा. मला पाहून भावाला म्हणाल्या, “दगड्या, ही कोन? तुजा नवा मुंजा व्हय?”

“भूत घालवनाऱ्या बाई हायत, आक्का.”

“मग लांब ऱ्हा म्हनावं. आमच्या घरात भूत म्हंजी तूच हाईस.”

हुरड्याचे दिवस होते. ज्यांनी हुरडा खाल्लेला नाही त्यांना सांगते: ज्वारीचं कोवळं कणीस गोवऱ्यांच्या आरात भाजायचं, गरम असतानाच तळहातावर चोळायचं, फुंकर मारून फोलपटं उडवायची आणि हिरवे दाणे तसेच तोंडात टाकायचे. जोडीला शेंगांची चटणी नाहीतर गूळ. आमच्याकडे असा प्रकार नाही. आमच्याकडे जेवणाची वेळ असते आणि जेवणाला दार असतं. हुरड्याची आगटी उघड्यावर असते, आणि रीत अशी की वाटेने जो जाईल त्याला हाक मारायची, आणि ज्याला हाक मारली त्याने निदान मूठभर खाऊन जायचं. नाही म्हणणं म्हणजे भांडण मांडणं.

सोजरबाईंनी आगटी पेटवली आणि वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारली. नाव घेऊन मारली. “ए शांते, ये की, गरम हाय.” शांता डोक्यावरचा भारा सावरत सरळ निघून गेली. दोन गडी बैल हाकत गेले, त्यांनी तोंडं पलीकडे केली. सोजरबाई प्रत्येक वेळी हाक मारायच्या, तेवढ्याच मोठ्या आवाजात, आणि मग आम्हाला म्हणायच्या, खा. मी दाणे हातातच धरून बसले. दिवाळीपासून ही बाई अशी हाका मारते आहे.

मी म्हटलं, “आक्का, कशाला हाक मारता त्यांना?”

“त्येंनी तोंड फिरवलं म्हनून मी का रीत सोडू? मी हितं ऱ्हानार हाय, पोरी.”

संध्याकाळी मी आणि मास्तर चावडीवर गेलो. सरपंचांना गावात अण्णा म्हणतात. स्वच्छ धोतर, मनगटी घड्याळ, बोलणं अदबीचं. अशी माणसं मला जास्त संताप आणतात. मी विचारलं, कडबा जळाला तर एका बाईचा काय संबंध?

“बाई, आमी काय आडानी न्हाय,” अण्णा म्हणाले. “पुरावा हाय. बापू, सांगा.”

बापू हे गावातले म्हातारे माग काढणारे. चोरीला गेलेली जनावरं ते पावलांवरून शोधून आणतात, त्या बाबतीत चार गावांत त्यांचा शब्द चालतो. त्यांनी सावकाश सांगितलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या रात्री गंज जळाली. सकाळी त्यांनी माग पाहिला. गंजीपासून सोजरबाईच्या दारापर्यंत अनवाणी पावलं होती, बोटं दाराकडे. पण माणूस चालताना माती मागे, टाचेकडे रेटतो. या पावलांत माती बोटांकडे रेटलेली होती.

“म्हंजी चालनारं दारातनं गंजीकडं गेलं,” बापू म्हणाले, “आन् पाय उलटं व्हतं. मी सत्तर वर्साचा हाय, असा माग कदी बघितला न्हाय.”

निरीक्षण एवढं अचूक आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष एवढा गाढवपणाचा, असं मी कधी ऐकलं नव्हतं. मी तसं बोलणारच होते. पण माझं लक्ष मास्तरांकडे गेलं. त्यांचे ते सैल गाल आत ओढले गेले होते आणि ते चावडीच्या पायरीकडे बघत होते.

परत येताना बांधावर मी त्यांना उभं केलं. “भाऊबीजेला तुम्ही इथे होता?”

“व्हतो.”

“आणि पाय?”

ते बांधावर बसले. मग सांगितलं. नवे पाय कोरले होते, हलक्या पांगाऱ्याच्या लाकडाचे, पाची बोटांसकट, टाच पुढे आणि बोटं मागे. वर पट्टे. आपला पाय आत घालायचा आणि वरून लुगडं सोडायचं. ते घालून चालायची सवय करावी लागते, नाहीतर माणूस तोंडावर आपटतो. सोलापुरात गल्लीत सराव करता येत नाही, पोरं बघतात. म्हणून भाऊबीजेला बहिणीकडे आले की पहाटे, कोणी उठायच्या आत, रानातून सराव. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या पहाटे दारातून गंजीपर्यंत चालले, तिथे पाय काढून पिशवीत घातले आणि वहाणा घालून पुढे गाडीवाटेने एस.टी.ला गेले. गंज तेव्हा उभीच होती. ती त्याच्यानंतर पेटली असणार.

“पावलांचं मला कुनी बोललंच न्हाय,” ते म्हणाले. “गंज जळाली, आक्काचं नाव घेत्यात, येवडंच कळलं.”

“मग आता चला. परत चावडीवर.”

ते हलले नाहीत. मी चिडले, आणि चिडले की माझा आवाज वाढतो. घरापर्यंत मी त्यांना बोलतच नेलं, आणि दारात सोजरबाईंनी सगळं ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर नवल दिसलं नाही.

“मला ठावं हाय,” त्या म्हणाल्या. “मी दारातनं बघितला की ह्येला. भाद्दर लुगडं खोचून उलट्या पायानं चालत व्हता येड्यावानी.”

“मग तुम्ही गावाला सांगितलं का नाही?”

“त्याचं प्वाट त्याच्यावर हाय. लगनाचा बँड ग्येला, आता ह्यो बी घालवू?” मग भावाकडे वळून, “तू काय बोलू नगंस. मी बघते माजं.”

मी त्या दोघांच्या मध्ये उभी राहून म्हटलं, हे दोघांचंही चुकतंय. हुसेनभाईंनी मला बाजूला नेलं. “बाई, भाई-बहन का मामला. उने सोचने दो जरा.”

मी विचार करायला वेळ देणाऱ्यांपैकी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळापुढच्या पटांगणात प्रयोगाची सभा लावली. जत्रेची गर्दी होतीच. आग आपोआप कशी लागते ते दाखवायचं ठरवलं: कपड्याच्या घडीत पोटॅशिअम परमँगनेटची पूड, वर ग्लिसरीनचे थेंब, आणि थोड्या वेळाने कापड भडकतं. आमच्याकडे हा प्रयोग दाखवला की शाळेतली मुलं कृती लिहून घेतात.

कापड भडकलं. माणसं दोन पावलं मागे सरकली. मी सांगायला लागले की हे रसायन आहे, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतं. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याने हात जोडले आणि आपली शेळी दूध देत नाही ती जरा बघाल का, असं विचारलं. मी त्याला समजावत होते तोवर मागे कुजबूज सुरू झाली, आणि ती मला स्पष्ट ऐकू आली. ही बाई कुणाच्या घरी उतरलीय? सोजरीच्या. म्हणजे आता दोघी झाल्या.

मी घसा कोरडा पडेपर्यंत बोलले. काही उपयोग झाला नाही. अण्णा सरपंच घड्याळ बघत म्हणाले, “बैठक उद्यावर कशाला? खेळ झाला की आजच बसू.”

दुपारभर सोजरबाई भांडी घासत होत्या. घासलेलीच पुन्हा घासत होत्या.

जत्रा

दिवेलागणीला दोन बत्त्या टांगल्या आणि कवटी बँड उभा राहिला. मी सगळ्यात मागे, सोजरबाईंच्या शेजारी बसले होते. आमच्या भोवती बैठकीच्या सतरंजीएवढी जागा रिकामी होती.

आता खेळाचं खरं खरं लिहिते, कारण मी तो बंद पाडायला आले होते. खोकं मध्ये ठेवलेलं. त्यावर चादर. मागून घुम. मग फट्. चादर उडाली आणि खवीस झालेले हुसेनभाई तात ओढत खोक्यामागून उठले. तिरडीवरचा मुंजा उठून बसला, बेंजोची बटणं दाबायला लागला, मान एकदा इकडे एकदा तिकडे. त्या रेल्वेच्या क्लबातलं उधळलेलं घोडं बोरखडीच्या देवळापुढे सुटलं. पोरं किंचाळली, बायांनी पदर तोंडात धरले, आणि दुसऱ्या फट्‌ला अख्खं पटांगण हसत होतं. खवीस मुंजाला घाबरतो, मुंजा आपल्याच सावलीला घाबरतो, दोघे मिळून पहिल्या रांगेतल्या शेळीवाल्या म्हाताऱ्याला घाबरतात. म्हातारा खूष. मी हसले. सोजरबाई हसल्या. मला वाटलं, मास्तरांचंच बरोबर होतं.

मग क्लॅरिओनेट वाजलं आणि हडळ आली. तोंडावर पदर, लुगडं घोट्याच्या वर, बत्तीच्या उजेडात पाय. बोटं मागे, टाचा पुढे.

हसू एकदम तुटलं.

“आशीच,” कोणीतरी म्हणालं. “बापूनी सांगितली ती आशीच पावलं.”

माणसं वळली. हडळीकडे नाही, आमच्याकडे वळली. एका बाईने पोराला ओढून पोटाशी घेतलं. अण्णा उभे राहिले. सोजरबाईंनी माझा हात धरला नाही, काही नाही. त्या ताठ बसून समोर बघत राहिल्या. 

क्लॅरिओनेट मध्येच थांबलं. हुसेनभाईंनी तात सोडली नाही, हळू आवाजात घुम-फट् चालू ठेवली. मास्तर तिरडीवर बसले, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढलं आणि पट्टे सोडायला लागले. एक पाय काढला. दुसरा काढला. दोन्ही हातांत धरून उंच केले आणि आपले खरे, चिंध्या बांधलेले पाय बत्तीखाली पुढे पसरले.

“ह्ये माजं हायत,” ते म्हणाले. “पांगाऱ्याच्या लाकडाचं. मीच कोरल्यात. भाऊबीजंच्या दुसऱ्या पहाटं मीच चाललो आक्काच्या दारातनं गंजीपत्तुर. सराव करत व्हतो. बापू, ह्ये घ्या. बघा.”

बापू उठले. पाय घेतले, उलटसुलट केले, अंगठ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. पटांगणातच थोडी माती पाण्याने ओली करून घेतली, पाय दाबला, मास्तरांना ते घालून चार पावलं चालायला लावलं. मग वाकून, बत्ती खाली धरायला सांगून, त्यांनी माग पाहिला. 

“हाच माग,” बापू म्हणाले. मग अण्णांकडे बघून, “मी बघितलं त्यात चूक नव्हती अण्णा. तुमी नाव लावलं त्यात व्हती.”

“मग गंज ह्येनं जाळली,” अण्णा म्हणाले.

“मास्तर तो बीडी भी नै पीता,” हुसेनभाई तातेवरूनच बोलले. “दम जाता बोलके. माचिस कायको रखेगा?”

मी उभी राहिले आणि विचारलं, त्या गंजीच्या आडोशाला बसून बिडी कोण ओढतं ते गावाला माहीत नाही का? मला ते माहीत नव्हतं, मी अंदाजाने विचारलं होतं. पण सगळं पटांगण अण्णांच्या मेहुण्याकडे बघायला लागलं, आणि मेहुणा देवळाकडे बघायला लागला. मागून एक बाई म्हणाली, “बायकूनं घरात वढू दिली असती तर गंज वाचली असती.” ती शांता होती. तिथून जे हसू फुटलं ते थांबेना. मेहुण्याची बायको सगळ्यात जास्त हसत होती.

लाकडी पाय तोवर माणसांत गेले होते. पोरं ते घालून पडत होती, उठत होती. ज्याने त्याने पट्टे ओढून बघितले, बोटं मोजली. मास्तर तिरडीवर बसून ते बघत होते. त्यांचा खेळ त्या पटांगणात हातोहात वाटला जात होता, आणि ही गोष्ट आठवड्याभरात पुढच्या प्रत्येक जत्रेत पोचणार, हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

बैठक झाली नाही. पण सोजरबाईंना तेवढ्याने पुरलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा स्वतः त्यांच्या बांधावर आले आणि म्हणाले, झालं ते झालं, आता विषय संपला.

“कुटं सपला?” सोजरबाई म्हणाल्या. “माजं नाव चावडीत घेतलंसा. हितं बांधावर येऊन कसं सपंल? चावडीत चला. तवाची मानसं बलवा. जेवड्या मोट्यानं बोलला, तेवड्याच मोट्यानं बोला.”

अण्णांनी घड्याळ बघितलं. मग चावडीकडे चालायला लागले. मी मागोमाग गेले आणि स्वतःच्या कानांनी ऐकलं. नाखुशीने बोलले, खाकरत बोलले, पण बोलले: सोजरबाईचा दोष नव्हता, ती गावची आहे, गावात राहील. शेवटचा शब्द पुटपुटला तर सोजरबाई मागून म्हणाल्या, “ऐकू आलं न्हाय.” त्यांनी तो पुन्हा म्हटला.

परत

एस.टी.त मी मास्तरांच्या शेजारी बसले आणि माझं म्हणणं मांडलं. चावडीवरून परतताना बांधावर तुम्हाला विचारलं, तेव्हाच जाऊन सांगितलं असतं तर त्या बाईला जत्रेतली ती घटका भोगावी लागली नसती. ते म्हणाले, “व्हय.” वाद घातला नाही. माझं पत्रक मी बदलणार आहे, हेही सांगितलं. पण भुताची सोंगं घेतली की कुठे ना कुठे कोणाच्या तरी दारात ती पावलं उमटतात, हे माझं मत कायम आहे आणि ते त्यात छापणार आहे. त्यालाही ते व्हय म्हणाले.

बोरखडी सोडून गाडी काळ्या रानातून निघाली. पुढच्या बाकावर यल्लप्पा आणि हुसेनभाई हळू आवाजात बोलत होते. यल्लप्पा मान वाकडी करून काहीतरी दाखवत होता, हुसेनभाई मान हलवून नाही म्हणत होते. मास्तर पुढे वाकले आणि दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून म्हणाले, “पाय ग्येलं, आता मुंडक्याचं बघू. मुंडकं हातात घिऊन क्लारनेट वाजवायचं.”

मी ताबडतोब विचारलं, ते कसं करणार?

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, गालांत हवा भरली आणि सोडली.

“बाई,” ते म्हणाले, “तुमास्नी तर आजाबात सांगनार न्हाय.”